खर्जाच्या तारा : स्वस्त वाद्याचे भाग्य

वाद्यमेळात काही स्वर असे असतात की, ते चालू असताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ते थांबले म्हणजे सारी मैफल एकाएकी पोकळ वाटू लागते. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचे कार्य हे असेच आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात, आणि त्या वळणाने गेलेल्या हिंदी चित्रपटगीतांतही, हे कार्य गेली सत्तरांहून अधिक वर्षे जे वाद्य मुकाट्याने करीत आले आहे, ते म्हणजे विजेवर चालणारी बेस गिटार. चार जाड तारा, एक लांब दांडी, लाकडाची भरीव फळी आणि तारांखाली बसविलेले लोहचुंबक, एवढाच तिचा संसार.

या वाद्याचा इतिहास सांगताना कारखानदारांची नावे आणि नव्या नमुन्यांची साले सांगण्याची रीत आहे. ती रीत चुकीची नव्हे. अपुरी मात्र खास आहे. कारण बेस गिटारचे जे आवाज जगभर गाजले, त्यांपैकी कित्येक आवाजांचा जन्म कारखान्याबाहेर झाला. परवडेल ते वाद्य घरी आणून कोणी त्याच्या तारा बदलल्या, कोणी पडदे उपटले, कोणी घोडीपाशी स्पंजाचा तुकडा खोचला. आणि या किरकोळ भासणाऱ्या उद्योगांतून संगीताला नवे स्वर लाभले. वाद्य पुरे कोण करतो, घडविणारा की वाजविणारा, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या नृत्यगृहांत खर्जाचा भार डबल बेस हे वाद्य वाहत असे. पुरुषभर उंचीचे ते धूड एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे एक संकटच होते. बरे, एवढे कष्ट करून नेले तरी कर्णे आणि ढोल वाजू लागले की, त्याचा आवाज त्यांत बुडून जाई. या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न १९३६ च्या सुमारास सिॲटल शहरी पॉल टटमार्क यांनी केला. त्यांनी पडदे असलेला, हातात आडवा धरून वाजविता येणारा विजेचा बेस बनविला व तो ऑडिओव्हॉक्स या नावाने विक्रीस ठेवला. परंतु काळ अनुकूल नव्हता. थोडीच वाद्ये खपली आणि ती कल्पना विस्मृतीत गेली.

पुढे पंधरा वर्षांनी तिला यश आले, ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी. लिओ फेंडर हे शिक्षणाने हिशेबनीस, आणि व्यवसायाने रेडिओ दुरुस्त करणारे. १९३८ साली त्यांनी रेडिओ-दुरुस्तीचे दुकान थाटले होते. विशेष हे की, त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्यांच्या दुकानी येणारे वादक आपली गाऱ्हाणी सांगत आणि फेंडर ती यंत्रज्ञाच्या कानाने ऐकत. १९५१ साली त्यांनी जी बेस गिटार बाजारात आणली, तिला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे नाव दिले. डबल बेसच्या गुळगुळीत दांडीवर स्वराची जागा कानाने शोधावी लागे. येथे पडदे असल्यामुळे बोट ठेवले की स्वर नेमका मिळू लागला.

तथापि फेंडर यांच्या कल्पकतेचा खरा विशेष दुसरीकडेच होता. जुने वाद्यकार दांडी आणि वाद्याचे अंग सरसाने कायमचे जोडीत. फेंडर यांनी दांडी चार स्क्रूंनी बसविली. घोडी, खुंट्या, चुंबकाची गुंडाळी यांपैकी कोणताही भाग पेचकसाने काढावा आणि नवा बसवावा, अशी ती रचना होती. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला जशी वस्तू हवी, तशी ती होती : उघडता येणारी. त्यामागे कारखान्याची सोय होती हे खरे. परंतु तीमुळे नकळत वादकाच्या हाती एक किल्ली आली. जे वाद्य उघडता येते, त्यात फेरफार करण्याचा मोह कोणाला आवरणार? १९५७ साली फेंडर यांनीच चुंबकाच्या गुंडाळीचे दोन भाग करून ते परस्परांच्या उलट जोडले, त्यामुळे विजेची घरघर पुष्कळशी नाहीशी झाली. आणि १९६० साली अधिक निमुळत्या दांडीचे ‘जॅझ बेस’ हे भावंड जन्मास आले. यापुढील कथा मात्र मुख्यत्वे वादकांची आहे.

ती समजण्यासाठी प्रथम तारेचे शास्त्र थोडे पाहिले पाहिजे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. डबल बेसची तार ४० इंचांहून लांब, तर फेंडर यांच्या वाद्याची ३४ इंच. तार आखूड करून स्वर तितकाच खाली ठेवावयाचा, तर तिचे वजन वाढविणे प्राप्त होते. पण नुसती जाड पोलादी सळई ताणली, तर ती वाकणार नाही आणि गाणारही नाही. म्हणून मध्ये पोलादाची बारीक तार घेऊन तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळतात. हे वेष्टन चपट्या पट्टीचे असले तर तार हाताला गुळगुळीत लागते, तिचा आवाज घुमारदार पण मंद असतो. तेच वेष्टन गोल तारेचे असले तर स्पर्श खरखरीत होतो आणि आवाजात वरच्या उपस्वरांची झगझगीत धार येते. एकाच वाद्यावर या दोन प्रकारच्या तारा चढविल्या तर दोन निराळी वाद्ये ऐकल्याचा भास होतो. साठीच्या दशकारंभी बहुतेक वाद्यांवर चपट्या वेष्टनाच्याच तारा असत.

या तारांचा सर्वश्रेष्ठ उपासक म्हणजे जेम्स जेमर्सन. १९३६ साली साउथ कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा १९५४ मध्ये डेट्रॉइटला आला, आणि पुढे मोटाऊन कंपनीने एका साध्या घरात थाटलेल्या ध्वनिमुद्रणगृहात वाजवू लागला. त्यांची बेस गिटार १९६२ ची होती. तिच्यावर त्यांनी जाड, चपट्या वेष्टनाच्या तारा चढविल्या आणि त्या तुटल्यावाचून कधी बदलल्या नाहीत. तारा दांडीपासून इतक्या उंच होत्या की, इतरांना ते वाद्य आवरणे जड जाई. घोडीच्या झाकणाखाली स्पंज होता. तो कंपने लवकर शमवी. घामाने व मळाने बोथट झालेल्या तारा आणि तो स्पंज यांच्या योगे प्रत्येक स्वर टपोऱ्या थेंबासारखा पडे आणि पुढच्या स्वराला जागा करून देई. तारा धुण्यापुसण्याला त्यांचा विरोधच होता. तो मळ म्हणजेच आपल्या आवाजाचा प्राण, अशी त्यांची समजूत होती. एकट्या तर्जनीने ते सारे वाजवीत. वाद्यात काय बदलावे याइतकेच काय बदलू नये, हेही वादकानेच ठरवावयाचे असते, याचा हा उत्तम दाखला होय.

या माणसाच्या वादनावर साऱ्या जगाने ताल धरला. पण तबकड्यांवर त्यांचे नाव नसे. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या ध्वनिमुद्रिकासंग्रहावर ते ठळकपणे छापले गेले, तोवर त्यांची उमेदीची वर्षे सरत आली होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचा अंत झाला. त्याच्या थोडेच दिवस आधी ते १९६२ चे वाद्य चोरीस गेले. ते पुन्हा मिळाले नाही. सन २००० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संस्थेने त्यांना मानाचे स्थान दिले. ते पाहावयास ते हयात नव्हते.

जेमर्सन यांनी तारांचा मंदपणा जोपासला, तर लंडनच्या जॉन एन्ट्विसल यांना नेमका तोच खुपत होता. ‘द हू’ या वाद्यमेळात ते बेस वाजवीत. ढोल आणि गिटार यांच्या कल्लोळात आपला स्वर वेगळा उठून दिसावा, ही त्यांची तळमळ. १९६५ साली ‘माय जनरेशन’ या गीतात त्यांच्यासाठी एकट्याने वाजविण्याची जागा राखली गेली. त्या जागेसाठी त्यांना हवा तसा खणखणीत आवाज डॅनेलेक्ट्रो या अमेरिकन वाद्यात सापडला. हे वाद्य म्हणजे स्वस्ताईचा नमुना : लाकडी चौकटीवर दाबून बनविलेल्या भुशाची फळी, आणि चुंबकाची गुंडाळी ठेवण्यासाठी ओठांच्या लालीच्या नळ्या! पण त्याच्या बारीक तारांत जादू होती. दुर्दैवाने त्या लवकर तुटत आणि तशा सुट्या तारा लंडनमध्ये मिळत नसत. तेव्हा एक तार तुटली की एन्ट्विसल यांनी अख्खे नवे वाद्य विकत आणावे, असे तीनदा झाले. शेवटी कंटाळून त्यांनी ध्वनिमुद्रण फेंडरवर केले. ही हकीगत पुढे ते स्वतःच सांगत.

विनोद बाजूला ठेवला तर या प्रसंगात मर्म आहे. तारेसाठी वाद्य विकत घेणारा हा मनुष्य उलट्या बाजूने एका सत्यापाशी पोहोचला होता. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीचे संस्थापक जेम्स हाऊ यांच्या सहकार्याने त्यांनी गोल वेष्टनाच्या तारा आपल्या मनासारख्या घडवून घेतल्या. बेस गिटारमधून पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा निनाद निघू लागला. मात्र या निनादाला किंमत होती. गोल वेष्टनाच्या खाचांत घाम व धूळ साचते आणि काही आठवड्यांत तार मुकी होऊ लागते. गरीब वादकांनी त्यावर एक घरगुती तोड काढली : तारा उतरवाव्या, पातेल्यात पाणी घेऊन उकळाव्या, कोरड्या करून पुन्हा चढवाव्या. मळ सुटतो आणि तार काही दिवस पुन्हा तरुण होते. दुसरी किंमत अधिक मोठी होती. या खरखरीत तारा कानशीप्रमाणे पडद्यांना आणि दांडीच्या लाकडाला झिजवितात. ही झीज पुढे एका मोठ्या शोधाला कारण झाली.

पडदे काढून टाकण्याची कल्पना मात्र त्यापूर्वीच एका स्वस्त वाद्यातून निघाली होती. १९६१ साली लंडनचे एक तरुण वादक बिल वायमन यांनी ८ पौंडांना एक वापरलेली बेस गिटार घेतली. पुढच्याच वर्षअखेरीस ते ‘रोलिंग स्टोन्स’ या मेळात दाखल व्हावयाचे होते. पण त्या वेळी खिसा हलकाच होता. वाद्याचे अंग बेढब, आणि प्रत्येक पडदा खडखडणारा. वायमन यांनी करवतीने अंगाला हवा तसा आकार दिला आणि नवे पडदे बसविण्याच्या इराद्याने जुने उपटून काढले. नवे पडदे येईपर्यंत सहज वाजवून पाहावे, तो डबल बेससारखा गोल, सरकता स्वर कानी आला. नवे पडदे कधीच बसले नाहीत. ते वाद्य ‘रोलिंग स्टोन्स’च्या कित्येक ध्वनिमुद्रणांत वाजले. फेंडर यांनी अचूकपणासाठी जे पडदे आणले, ते वादकाने काढले, आणि वाद्याची एक नवी जात निर्माण झाली. फेंडर कंपनीने स्वतः बिनपडद्याची बेस गिटार काढली ती १९७० साली.

या जातीला अमर करणारे कलावंत म्हणजे जाको पास्टोरियस. त्यांचा जन्म १९५१ चा. फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे ते वाढले. तारुण्यात त्यांनी मोठ्या कष्टाने पैसे साठवून डबल बेस घेतला, पण समुद्रकाठच्या दमट हवेने त्याची लाकडे उकलून तो निकामी झाला. दुसरा घेण्याची ऐपत नव्हती. मग १९६२ चा एक जॅझ बेस त्यांच्या हाती आला. त्याचे पडदे आपण लोणी लावण्याच्या सुरीने काढले, असे ते सांगत. ते आधीच कोणी काढलेले होते, असेही त्यांनीच एकदा सांगितल्याचे नमूद आहे. पडद्यांच्या रिकाम्या खाचा लाकडाच्या लुकणाने बुजविल्या गेल्या. परंतु तारा गोल वेष्टनाच्या असल्यामुळे त्या उघड्या लाकडाला खाऊ लागल्या. यावर उपाय त्यांनी बंदरावरून आणला. बोटींच्या तळाला पाणी लागू नये म्हणून जे कठीण इपॉक्सी रोगण फासतात, त्याचे थरावर थर त्यांनी दांडीवर दिले. लाकूड वाचले, आणि त्या काचेसारख्या पृष्ठावर तार गाऊ लागली.

ती का गाऊ लागली, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगण्याची फारशी जरुरी नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची पाठ कानशीने हलकेच घासून तिला वळण देतात, तेव्हा तार त्या पाठीला किंचित स्पर्श करीत कंप पावते आणि तिच्यातून उपस्वरांचे मोहोळ उठते; तिलाच जवारी म्हणतात. पडद्याची उभी धार नसली म्हणजे बोटापुढील तार कठीण दांडीला अशीच हलकेच घासत बोलते. दोन्ही वाद्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. निसर्गाचा नियम मात्र एकच आहे.

१९७६ साली पास्टोरियस यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच वर्षी ते ‘वेदर रिपोर्ट’ या मेळात गेले. मागे राहून साथ करणारा बेस पुढे येऊन गाऊ लागला. परंतु या कलावंताचे पुढील आयुष्य मनोविकाराने व व्यसनाने पोखरले. ते वाद्य एकदा फुटून त्याचे तुकडे झाले. ते कारागिरांनी सांधून दिले. १९८६ साली ते न्यूयॉर्कमध्ये चोरीस गेले आणि वीसेक वर्षांनी पुन्हा प्रकट झाले. तोवर त्याचा धनी उरला नव्हता. १९८७ साली आपल्याच गावाजवळ एका नृत्यगृहाच्या दाराशी झालेल्या मारहाणीनंतर वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

येथून कथेचा ओघ पुन्हा बाजाराकडे वळतो. १९६५ साली फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या बड्या संस्थेला विकली. पुढे तिच्या वाद्यांच्या किमती चढल्या, कारागिरीबद्दल तक्रारी वाढल्या आणि जपानी कारखान्यांची स्वस्त, सुबक वाद्ये बाजार काबीज करू लागली. तेव्हा १९८२ साली फेंडर कंपनीने स्वतःच जपानमधील मात्सुमोतो येथे कमी किमतीची वाद्ये बनवून घेण्यास आरंभ केला आणि त्यांना ‘स्क्वायर’ हे नाव दिले. हे नाव कोठून आले? १८९० साली मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक गावी व्हिक्टर कॅरोल स्क्वायर या व्हायोलिन-कारागिराने तारा बनविण्याचा धंदा मांडला होता. त्याची कंपनी १९६५ मध्ये फेंडरकडे आली होती आणि तिचे नाव तसेच पडून होते. तेव्हा जगातील लाखो विद्यार्थ्यांची पहिली बेस गिटार आज ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव मुळात एका तारा बनविणाऱ्याचे आहे. योगायोग खरा, पण अर्थपूर्ण. कारण स्वस्त वाद्याचा उद्धार बहुधा तारांपासूनच सुरू होतो.

हा उद्धार कोणत्या क्रमाने करावा, याविषयी अनुभवी कारागिरांत फारसा मतभेद नाही. स्वस्त वाद्यात लाकूड सहसा वाईट नसते. वाचविलेला असतो तो हाताच्या कामाचा वेळ. म्हणून प्रथम चांगल्या तारा चढवाव्या. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८५ किलो असतो. तारांची जाडी बदलली की हा ताण बदलतो आणि दांडीचा बाकही बदलतो. दांडीच्या पोटात जी पोलादी सळई असते, तिचा पेच एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. मग तारांची उंची आणि प्रत्येक तारेची घोडीवरील जागा लावावी. खुंटीपाशी तार तोडण्यापूर्वी ती काटकोनात वाकवून घ्यावी, नाहीतर वेष्टन सैल होऊन नवी तार पहिल्याच दिवशी मुकी होते. अधिक जाड तार घ्यावयाची तर दांडीच्या टोकाशी असलेल्या पट्टीतील खाच रुंद करावी लागते. येथे कानस जपून चालवावी, कारण खाच खोल झाली तर तार खडखडते आणि घासलेले परत येत नाही. एवढे झाल्यावर घरघर थांबविण्यासाठी आतील पोकळीला तांब्याचा पत्रा लावावा. आणि चुंबकाच्या गुंडाळ्या, घोडी व खुंट्या बदलण्याचा खर्च अगदी शेवटी, जरूर असल्यासच करावा. पुष्कळ नवशिके हा क्रम उलटा धरतात आणि पैसे खर्चून मूळचाच आवाज विकत घेतात.

नीट विचाराने केलेला फेरफार मात्र केवढे फळ देतो, याचे उदाहरण मार्कस मिलर यांचे आहे. त्यांचा जॅझ बेस १९७७ चा, म्हणजे ज्या काळच्या वाद्यांना जाणते लोक नाके मुरडीत, त्या काळचा. न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोस्की यांनी त्यात बॅटरीवर चालणारे लहानसे ध्वनिवर्धक मंडल बसविले आणि घोडीही बदलली गेली. त्याच वाद्यातून निघालेला करकरीत, भरदार आवाज पुढे असंख्य वादकांचा आदर्श ठरला. आणि ज्या वाद्याला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या प्रतिकृती फेंडर कंपनीने मिलर यांच्या नावाने विकल्या.

आज पन्नाशी-साठीच्या दशकांतील मूळच्या बेस गिटारी संग्राहकांच्या तिजोऱ्यांत गेल्या आहेत. त्यांचा एक स्क्रू जरी बदलला तरी किंमत उतरते. म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. आदर हा कित्येकदा वाद्याचा तुरुंग होतो. जाको पास्टोरियस यांच्या हाती १९६२ चा जॅझ बेस आला, तेव्हा ते एक जुने वापरलेले वाद्य होते. आज तशा वाद्याच्या दांडीवर बोटीचे रोगण फासण्याचे धैर्य कोण करील? ते धैर्य आता स्वस्त वाद्याच्या धन्यापाशीच उरले आहे. चुकले तर थोडेच जाईल, साधले तर एखादा नवा स्वर हाती लागेल, ही मोकळीक त्याला त्याच्या स्वस्ताईनेच दिली आहे.

अर्थात नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण वादकालाही लागू आहे. तारा बदलल्याने बोटे बदलत नाहीत. जेमर्सन यांचे वाद्य ज्याने चोरून नेले, त्याला तारा, स्पंज आणि लाकूड एवढेच मिळाले. पण वीस वर्षे न बदललेल्या तारा असोत की आजच चढविलेल्या, त्या कोणत्या ठेवाव्या हे ज्याने स्वतःच्या कानाने ठरविले, त्याचेच ते वाद्य होते. कारखान्यातून बाहेर पडते ती अर्धीच वस्तू. उरलेली अर्धी एखाद्या लहानशा खोलीत, पेचकस आणि कानस हाती घेऊन, खर्जाची तार हळूहळू स्वरात चढवीत बसलेला मनुष्य पुरी करतो.